मागे न घेतलेलं गाऱ्हाणं

आमची आत्ते कुणाला माफ करत नसे. शेजाऱ्याने न विचारता तिच्या फणसाची फांदी तोडली, तेव्हा ती भांडली नाही. पण पुढे दरवर्षी वाडीत घरोघर गरे वाटताना त्याचं दार तेवढं वगळून जायची. "मी इसरत नाय, वाट बघतंय," म्हणायची. ती माझ्या नवऱ्याची आत्या, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा बुजलेल्या मला तिनेच जवळ घेतलं.

धाकटे भाऊजी मुंबईला असतात. मे महिन्यात आले की त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा दिवसभर पडवीत मोबाईल घेऊन बसे. नुसत्या गोळ्या, सुरे, रक्त. हे पोराच्या हातात देऊ नकोस, असं आत्तेने भाऊजींना बजावलं. ते हसले. "खेळच तो, आत्ते. गप बसतो, आपल्यालाही आराम."

एका दुपारी त्याने खेळातल्यासारखी काठी माझ्या मुलीच्या डोळ्यात खुपसली. ती विव्हळत पडली आणि हा बाजूला उभा राहून म्हणत होता, "उठ ना, परत जिवंत हो." डोळा गेला. भाऊजी म्हणाले, मुलंच ती, होतं असं. मी मुलीच्या डोळ्यावरची पट्टी बदलत राहिले. आत्तेने संध्याकाळी त्या मुलाला जवळ बसवून घावन वाढलं. "त्याला काय ठावं? ज्यानं दिलान त्याला मी बघतंय."

पुढच्या शिमग्याला भाऊजी मुंबईहून आले. देवाची पालखी अंगणात आली. मानकरी सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणार, तोच आत्ते पुढे झाली. "बा म्हाराजा, पोराच्या हातात माणसं मारायचा खेळ देऊन ज्या बापानं माझ्या नातीचा डोळा घालवलान, त्याला सुखाची झोप देऊ नको."

सगळे सवयीने ओरडले, "व्हय म्हाराजा." पालखीला खांदा दिलेले भाऊजीही ओरडले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मग त्यांचा चेहरा उतरला.

पालखी पुढे गेल्यावर ते आत्तेच्या पाया पडले, गाऱ्हाणं मागे घे म्हणाले. ती सुपातले तांदूळ निवडत राहिली. "डोळा आण, मग घेतंय."

गेल्या श्रावणात आत्ते गेली. भाऊजींना झोप लागत नाही, असं जाऊबाई सांगतात. यंदा शिमग्याआधी भाऊजींनी स्वतः फोन केला. "वहिनी, आता घरात मोठ्या तुम्हीच. तुम्ही तरी देवाला सांगा."

पालखी आली. मी नारळ ठेवला, ओटी भरली. भाऊजी समोर हात जोडून उभे होते. मी मान खाली घातली, ती पालखी उठेपर्यंत वर केली नाही. वाडीतल्या बायकांना वाटलं, ही पहिल्यापासूनच लाजाळू.