मी न वाचता दिलेलं अनुमोदन

महिना झाला असेल. रविवारची सकाळ... दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेची वार्षिक सभा होती, मंदिरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दोन वर्षं धड पाऊस नाही, यंदा तर दुष्काळही जाहीर झालाय, त्यामुळे संस्थेत दूध कमी आणि सभेला माणसं जास्त.

आमच्या सभेची एक पद्धत आहे. सचिव विषयाचा नंबर घेतो आणि विषय वाचून व्हायच्या आत मागून 'मंजूर, मंजूर' सुरू होतं. खोटं कशाला बोलू... त्यात सगळ्यात मोठा आवाज माझाच असतो. पोहे गार होऊ नयेत, एवढाच शुद्ध हेतू.

आणि हाच मी, विधानसभेत गोंधळात पाच मिनिटांत विधेयक मंजूर झालं की इथं फेसबुकवर तावातावानं लिहितो. मसुदा लोकांसमोर ठेवला का, हरकतींना वेळ दिला का, वगैरे. तुम्ही लाइकही देता बिचारे.

त्या दिवशी सातवा विषय होता, 'पोटनियम दुरुस्तीस मान्यता देणे'. नोटिशीत एवढंच. अनुमोदक म्हणून तुमचं नाव टाकू का, असं सचिवानं आदल्या दिवशीच विचारलं होतं आणि मी टाका म्हणालो होतो. उठलो, अनुमोदन दिलं, बसलो.

पोहे वाटायला सुरुवात झाली तशी गयाकाकू शेजारी येऊन बसली. माझी सख्खी चुलती. संस्था निघाली त्या दिवशी दुधाची पहिली कॅन तिची होती, आणि काका गेल्यावरही तिनं एकटीनं दूध घातलं. यंदा पाण्यापायी दोन्ही म्हशी लेकीच्या सासरी पाठवल्यात, त्याला आठ महिने झाले.

"नियमात काय बदललं रे बाबा?" तिनं साधं विचारलं. मला सांगता येईना... लाजेखातर सचिवाकडून कागद मागून घेतला. सलग सहा महिने दूध घातलं नाही, तर त्या सभासदाला मत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

संचालकांची निवडणूक दोन महिन्यांवर, आणि काकूचं मत मी माझ्याच तोंडानं घालवलं होतं. कसंबसं सांगितलं तिला. ती रागावली नाही... "मंजूर तर मी बी म्हणले की," एवढंच म्हणाली. मला तिच्याकडं बघवेना.

आमच्याकडं आभाराच्या आधीच पोहे येतात, हे नशीब. सभा अजून संपलेली नव्हती. मी माइकवर गेलो आणि अनुमोदन मागं घेतो म्हणालो.

"पोहे खाऊन माघार घ्यायलास व्हय बे?" चेअरमन आण्णा म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो, पण माइक काही सोडला नाही. अख्खा कागद वाचून दाखवला. त्याला चार मिनिटं लागली... फक्त चार.

दुष्काळात ज्यांच्या दावणी मोकळ्या झाल्यात, ते एकमेकांकडं बघायला लागले. आण्णा वाईट माणूस नाहीत बरं का... नुसतं निवडणुकीपुरतं येणाऱ्या सभासदांना ते वैतागलेत, आणि ते खरंही आहे. दुसरं कोण अनुमोदन देतंय, असं त्यांनी विचारलं. एकही हात वर आला नाही.

शेवटी ठरलं की विषय महिनाभर थांबवायचा. मसुदा डेअरीच्या भिंतीला लावायचा आणि शेजारी हरकतींची वही टांगायची.

काकूला वाचता येत नाही. दूध नसतानाही ती रोज सकाळी डेअरीवर जायची आणि रांगेतल्या कुणालाही धरून एक-दोन ओळी वाचून घ्यायची. लोक टाळायला लागले तिला... पण महिन्याभरात मसुदा तिच्याइतका गावात कुणालाच पाठ नव्हता. वहीतली पहिली हरकत तिची, लिहिली मी, खाली अंगठा तिचा.

परवा विशेष सभा झाली. मसुद्यात नवी ओळ आली होती, 'दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी हा नियम लागू राहणार नाही'. सचिवानं वाचायला घेतलं आणि मेली सवय... माझ्या तोंडून 'मंजूर' निघून गेलं.

काकूनं मागं वळून बघितलं. "दम काढ जरा. आजून वाचून झालं न्हाई."

सचिवानं सगळं वाचलं. दुष्काळाची ओळ तिनं परत एकदा वाचायला लावली, शांतपणे ऐकली, आणि मग हात वर केला. "हां, आता मंजूर." तिच्यामागून आम्ही सगळे म्हणालो.

म्हशी अजून लेकीकडंच आहेत. पण पुढच्या महिन्यात मतदानाच्या रांगेत काकू उभी असेल... आणि तिच्या मागं मी, हातात कागद, वाचून आलेला.