मिनिटाला चार शब्द

कॉम्प्युटर बनवणारे जगात पुष्कळ झाले, विकणारे त्याहून जास्त झाले, पण कॉम्प्युटरला घरच्या माणसासारखं नांदवणारा एकच झाला आणि तो उदगीरला राहतो. ते आमचे दाजी, माझ्या अक्काचे मालक. आता तुम्ही म्हणाल, मेव्हणा आहे, कौतुक करणारच. पण मी स्वतः नांदेडला कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. बिघडलेलं मशीन दिसलं की मी "बदलून टाका" म्हणतो आणि चहा प्यायला जातो. दाजी मात्र बिघडलेल्या मशीनपाशी स्टूल टाकून बसतात, त्याच्या पाठीवर हात ठेवून किती तापलंय ते बघतात आणि अक्काला सांगतात, "आज ह्याला कुणी हात लावू नका. आराम करून राहिलंय." अक्का म्हणते, एवढी विचारपूस माझ्या बाळंतपणात केली असती तर मी माहेरी गेलेच नसते.

दाजी मूळचे टायपिंगचे मास्तर. मोंढ्याजवळ, धान्याच्या बाजारापाशी, माडीवर सहा टायपरायटरांची त्यांची इन्स्टिट्यूट होती. खाली हमालांचा गलका, वर टायपरायटरांचा कडकडाट. दोन माणसांना बोलायचं असलं तर जिना उतरून रस्त्यावर जावं लागायचं. मग कॉम्प्युटरचे दिवस आले. आमच्याकडं तो कुणी डोळ्यानं बघितला नव्हता तेव्हा दाजी अक्काला घेऊन हैदराबादला गेले आणि एसटीतून पहिला कॉम्प्युटर घेऊन आले. पडदा त्यांच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेला. कीबोर्ड अक्काच्या मांडीवर. कुणी विचारलं की "नाजूक हाय, धक्का लावू नका" एवढंच उत्तर. शेजारच्या म्हातारीनं आत लेकरू आहे असं समजून खिडकी लावून घेतली, वारं लागंल म्हणून. घरी आल्यावर दाजींच्या मायनं त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि मग बटण दाबलं गेलं. त्या दिवसापासून कायदा झाला: चपला जिन्याखाली, पाय धुऊन वर. मशीनला अक्काच्या एका बऱ्यापैकी साडीचं झाकण शिवलं गेलं. ती साडी कोणती, हे अक्का अजून सांगते. एकदा परीक्षा घ्यायला एक मोठे साहेब आले. दाजींनी त्यांनाही जिन्याखाली बूट काढायला लावले. साहेबांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. दोन तास साहेब एका पायावर दुसरा पाय ठेवून उभे राहिले आणि त्या वर्षी सगळी पोरं पास झाली.

उदगीर गाव धान्याचं. ज्वारीत कडुनिंबाचा पाला घातला की कीड लागत नाही, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नावाचा प्रकार शिरतो आणि आतलं सगळं खाऊन टाकतो, अशी बातमी आली तेव्हा दाजी जराही डगमगले नाहीत. त्यांनी सगळ्या फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, मधे मधे पाला पसरला आणि वरून झाकण घट्ट लावलं. तीन वर्षं एकाही फ्लॉपीला काही झालं नाही. खरं कारण असं की दाजी परक्याची फ्लॉपी दाराच्या आत येऊ द्यायचेच नाहीत. पण श्रेय पाल्याला गेलं, आणि दुसऱ्या एका क्लासचा मालक गुपचूप येऊन दाजींच्या दारातल्या कडुनिंबाची फांदी तोडून घेऊन गेला. पुढं पाल्याचा चुरा मशीनमध्ये जाऊन ते घरघरायला लागलं, तेव्हा दाजी म्हणाले, "औषध लागू पडलंय, कफ सुटून राहिलाय."

मी बारावीनंतर त्यांच्याच क्लासात शिकलो. पहिल्या दिवशी ते कीबोर्डला हात लावू देत नसत. आधी इतिहास. "माणसानं आधी बोटं मोजली. बोटं पुरंनात तवा मणी मोजले. मणी पुरंनात तवा मशीन काढलं. पहिलं मशीन केवढं? आपली ही माडी आन खालची दोन दुकानं मिळून एवढं. मग ते टेबलावर बसलं. उद्या मांडीवर बसंल, परवा खिशात बसंल. तेरवा डोक्यात." मागून एकानं विचारलं, "सर, मग डोकं कुठं ठेवायचं?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "ते ज्याचं त्यानं बघावं." एक दिवस तुम्ही नुसतं बोलाल आणि मशीन ऐकून जवाब देईल, असंही ते सांगायचे. अख्खा क्लास हसायचा, त्यात मीही असायचो. आता माझ्या खिशातला फोन ऐकतो आणि विचारलं नाही तरी बोलतो. शिवारात फवारणीला ड्रोन आला, बाजारात बोलणारं घड्याळ आलं की दाजींचा फोन येतो: "पाव्हणं, आलं का डोक्यात?" माणूस चंद्रावर राहायला जाईल आणि उन्हाळी सुट्टीत उदगीरला येईल, असंही त्यांनी सांगितलं होतं. ते तेवढं राहिलंय.

भंगारवाल्याला त्यांनी कधी जिना चढू दिला नाही. नवं मशीन आलं की जुनं मागच्या खोलीत जायचं. तिथं त्यांना नात्यानं ओळखतात: थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ. थोरला म्हणजे तो हैदराबादहून आलेला. दर रविवारी दाजी थोरल्याला पाच मिनिटं चालू करायचे. मला वाटायचं, हौस आहे. पण त्याचं कारण वेगळं होतं. थोरल्यात त्यांची माय होती.

मायचं गाव जळकोटच्या बाजूचं. जन्मभर तिनं लोकांच्या रानात काम केलं, दुष्काळात खडी फोडली, सही म्हणून अंगठा दिला. कॉम्प्युटर आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दाजींनी ठरवलं की मायची सगळी कहाणी टाइप करून ठेवायची. दुपारी क्लास सुटला की माय स्टुलावर बसून सांगायची आणि दाजी टाइप करायचे. माय बोलायची ती मशीनकडं तोंड करून. ज्याला सांगायचं त्याच्या तोंडाकडं बघून सांगावं, असं तिचं म्हणणं. महिनाभर हे चाललं. त्यानंतर ते कुणी उघडून बघितलं नाही. माय समोर बसलेली असताना मायचं लिहिलेलं कोण वाचत बसतं?

मागच्या वर्षी माय गेली. त्यानंतर काही रविवार झाले आणि थोरला सुरूच होईना. दाजींचा फोन आला तेव्हा ते मशीनविषयी बोलतायत की माणसाविषयी, हे मला आधी कळेना. "काहीच बोलंना गेलाय," म्हणाले. "पाव्हणं, तू ये. तो गेला तर माय दुसऱ्यांदा जाती."

मी नांदेडहून तसाच निघालो. थोरला संपलेलाच होता. पण त्याच्या पोटातली डिस्क शाबूत निघाली. एका केबलनं ती माझ्या लॅपटॉपला जोडली, फाईल सापडली, उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निव्वळ चिवडा. जुन्या मराठीचा हा रोग मला माहीत होता. त्या वेळचा मराठी टाइप आजच्या मशीनला ओळखू येत नाही, ज्या बटणावर बोट पडलं होतं त्याचं इंग्रजी अक्षरच ते दाखवतं. दाजींचं तोंड उतरलं. मी म्हटलं, घाबरू नका, आता एआय आहे, तेरवा उजाडलाय. फोननं पडद्याचा फोटो काढला आणि ह्याचं मराठी करून दे म्हणून सांगितलं. क्षणात उत्तर आलं. मी ऐटीत वाचून दाखवलं: "माझे बालपण अत्यंत कष्टात गेले, परंतु मी परिस्थितीपुढे कधीही हार मानली नाही."

दाजींनी शांतपणे विचारलं, "ही बाई कोण हाय?"

अक्का म्हणाली, "लई शिकलेली दिसती."

फोननं मनानंच ठोकून दिलं होतं. मला शरमल्यासारखं झालं. म्हणालो, "दाजी, तुम्हीच तर टाइप केलंय. काय सांगितलं होतं मायनं, थोडंतरी आठवत असंल की."

दाजींनी थोरल्याचं साडीचं झाकण घडी करून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "टायपिस्टनं मजकूर वाचायचा नसतो, ऐकायचा बी नसतो. मन घातलं की स्पीड पडतो. जन्मभर पोरांना हेच शिकवलं. माय सांगून राहिली होती आन मी स्पीड मोजून राहिलो होतो. एका दिवशी मिनिटाला बेचाळीस शब्द आला. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणली, चांगलं झालं रं बाबा."

अक्कानं पदर तोंडाला लावला. मी लॅपटॉप बंद करायला गेलो. दाजींनी माझा हात धरला. ते पडद्याकडं बघत होते आणि त्यांची बोटं टेबलावर हलत होती. "थांब," म्हणाले. "ही ई हाय ना? डावं मधलं बोट, वरची ओळ. ही के. उजवं मधलं बोट, जागेवर. हा अर्धविराम, उजवी करंगळी." तीनदा त्यांनी तीच बोटं तशीच आपटली. मग म्हणाले, "माय. पहिला शब्द माय हाय."

डोळ्यांना जे कळत नव्हतं ते बोटांना पाठ होतं. पडद्यावरचं एकेक अक्षर बघायचं, त्याचं बटण कुठं ते टेबलावर चाचपायचं, आणि बोट पडलं की मराठी अक्षर तोंडात यायचं. पहिली ओळ लागायला पाव तास गेला. दाजींनी ती मायच्याच आवाजात वाचली: "माय लवकर मेली. मला तिचं तोंड आठवत न्हाई, हात आठवतेत." स्वतःच्या क्लासात ह्या स्पीडला त्यांनी कुणालाही नापास केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डोक्यात उजेड पडला. असा जुना मजकूर नव्या मराठीत बदलून देणारी सोय इंटरनेटवर फुकट मिळते. माझ्यासारख्याला ती आदल्या दिवशीच सुचायला हवी होती. मी दाजींना सांगितलं, अख्खी फाईल एका मिनिटात करून देतो, अक्षर न् अक्षर बरोबर, ह्यात फोनसारखी थाप नाही. दाजींनी चहा संपवला, बशी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "करून तुझ्याजवळ ठेव. मी मेलो तर पोरींना दे. मला नगं." मी म्हटलं, अहो, अशानं वर्ष लागेल. तर म्हणाले, "लागू दे. तिनं सांगितलं तवा मी ऐकलं न्हाई. आता तिच्या चालीनं ऐकतो."

म्हणून आता रोज दुपारी दाजी पाय धुऊन माडीवर जातात आणि लॅपटॉपसमोर बसतात. स्पीड मिनिटाला चार शब्द, कधी तेवढाही नाही. क्लास अक्का आणि थोरली पोरगी बघतात. परवा दुपारी मी मुद्दाम फोन केला आणि कुठवर आलं म्हणून विचारलं. दाजी दबक्या आवाजात म्हणाले, "माय आत्ताच लग्न होऊन आमच्या गावात आलीय. बारा वर्साची बी न्हाई अजून. लई घाबरलीय. मी बसतो जरा तिच्यापाशी, तू मागून फोन कर."