नानांनी थांबवलेलं इंजिन

नाना गेल्याचा निरोप मला चार तास उशिरा मिळाला. इंजिनांच्या चाचणीच्या जागी फोन नेता येत नाही, फाटकावर जमा करावा लागतो. दुपारी बाहेर आले तर पाचोऱ्याहून अक्कांचा, म्हणजे नानांच्या पत्नीचा, निरोप होता : 'नाना सकाळी गेले. त्रास झाला नाही.' मी तिथेच पहारेकऱ्याच्या बाकावर बसून राहिले...

नाना आमच्या केंद्रात यानांच्या इंजिनांचे प्रमुख होते. बाकीचे त्यांना सर म्हणत. मीही त्यांच्याच भागातली, साक्रीची आहे हे कळल्यावर त्यांनीच मला नाना म्हणायला लावलं. ती माया मी गृहीत धरली आणि एका बैठकीत ती कामाला येईल असंही मला वाटलं. दूर जाणाऱ्या एका यानासाठी इंजिन निवडायचं होतं. एक जुनं, अनेक उड्डाणांत कधी न चुकलेलं, पण जड आणि इंधन जास्त खाणारं. दुसरं आमच्या गटाने तीन वर्षं खपून बनवलेलं. ते घेतलं तर वाचलेल्या वजनात आणखी एक उपकरण बसणार होतं. चाचणीत ते एकदाही अडलं नव्हतं. नानांनी एवढंच विचारलं, "इंधन भरून किती महिने गप्प ठेवलंत, आणि मग पेटवलंत?" यान आठ महिने इंजिन न पेटवता प्रवास करणार होतं आणि पोचल्यावर वेग कमी करायला इंजिन पहिल्याच हाकेला पेटायला हवं होतं. तसं आम्ही कधी करून पाहिलंच नव्हतं. नानांनी जुन्या इंजिनावर सही केली.

दुसऱ्या दिवशी मी बदलीचा अर्ज घेऊन गेले. त्यांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि ऑफिसात कधी घरची बोली न वापरणारे नाना त्याच बोलीत म्हणाले, "तुनं इंजिन खराब नही शे, पोरी. त्याले अजून वखत भेटेल नही शे." मग वरिष्ठांकडे हट्ट धरून त्यांनी आमच्या इंजिनासाठी चाचणीची जागा मिळवली. इंधन भरून ते आठ महिने तसंच ठेवलं. नवव्या महिन्यात पेटवायला गेलो तर ते पेटलंच नाही. झडपेतलं रबरी सील फुगून अडकलं होतं. मला नानांकडे बघवेना. त्यांनी ते सील हातात घेऊन उजेडात निरखलं आणि म्हणाले, "बरं झालं, हे जमिनीवर कळलं." तिकडे जुन्या इंजिनाचं यान सुखरूप पोचलं होतं. त्या दिवशी त्यांच्याकडेच राहिलेला अर्ज मी मागून घेतला आणि स्वतःच फाडला.

सील बदललं, तीच लांबलचक चाचणी आम्ही आणखी दोनदा केली आणि दोन्ही वेळा ते पहिल्याच हाकेला पेटलं. पुढच्या यानाच्या वेळी नाना निवृत्त होऊन पाचोऱ्याला गेले होते. जाणकार म्हणून त्यांना बोलावलं. या वेळी बहुतेकांना जुनंच हवं होतं आणि ते नानांच्याच आधीच्या निर्णयाचा दाखला देत होते. नानांनी मला तोच प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. "मग आता जुनं घेण्याला कारण काय?" एवढंच म्हणून त्यांनी नव्या इंजिनाच्या बाजूने सगळ्यांच्या आधी सही केली. ते फसलं असतं तर नानांचं आयुष्यभराचं नाव त्यापायी गेलं असतं.

यान पोचलं आणि ते पेटलं. मी पाचोऱ्याला फोन केला, तेव्हा नाना म्हणाले, "जेवलीस का?"

दहाव्याला गेले तेव्हा अक्कांनी मला स्वयंपाकघरात नेलं. भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर अजून होतं. आमच्या इंजिनाचं यान निघाल्यापासूनच्या प्रत्येक तारखेवर पेन्सिलीची बारीक खूण. अक्का म्हणाल्या, रोज अंघोळ झाली की नाना खूण करायचे आणि म्हणायचे, "आज बी गप शे." शेवटची खूण इंजिन पेटलं त्या दिवसाची होती. पुढची पानं कोरी. नवं कॅलेंडर अक्कांनी शेजारी लावलंय, हे काढलेलं नाही.