मचाणावरचे मर्द आणि कुंपणातली तार

मला एका गावात सलग दोन रविवार काढवत नाहीत. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून पुणे, सुरत, वापी असं करत करत आता भोपाळजवळ मंडीदीपला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. त्यामुळे आमचा सुपरवायझर महेश म्हणाला, "काकांच्या शेतावर चल, कोलार डॅमच्या पुढं, जंगल लागूनच आहे," तेव्हा मी पुढचं काही विचारलंच नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. मंडीदीपहून सकाळची बस धरा, तीस-चाळीस रुपयांत भोपाळ. पोहे-जलेबी तिथंच खाऊन घ्या, पुढं बिस्किटाच्या पुड्याशिवाय काही मिळत नाही. कोलार रोड म्हणजे नुसत्या कॉलन्या, सिमेंटची धूळ आणि 'ड्रीम', 'ग्रीन' असल्या नावांच्या कमानी. हिरवं काय ते कमानीवरच्या रंगात. त्या संपल्या की मात्र एकदम साग, पळस आणि हरभऱ्याची शेतं. महेश भोपाळातच बाइक घेऊन भेटला; पेट्रोल मी दोनशेचं टाकलं, चालवलीही मीच. साहेब मागं बसून रस्ता दाखवत होते.

काका नेहरू नगरातून जीपनं आधीच पोचले होते. सरकारी खात्यातून रिटायर, तीन पिढ्या भोपाळात, मराठी अजून पुण्याची आणि राग आला की हिंदी. पायात शिकाऱ्याचे बूट. पायाशी शेरू नावाचा तांबडा कुत्रा. चहा यायच्या आत आजोबांचा फोटो मोबाइलवर दाखवून झाला. वाघावर पाय ठेवलेले आजोबा.

"शिकार ही मर्दाची गोष्ट," काका म्हणाले. "जनावर समोर, तुम्ही समोर. हे आजकालचे तारा लावणारे भुरटे, यांना काय कळणार!"

"समोर म्हणजे कुठं, काका?" मी विचारलं.

"मचाणावर रे. झाडावर, दहा-बारा हात उंच."

"आणि खाली?"

"खाली बकरी बांधायची. हाकारे वाघाला हाकत आणायचे."

म्हणजे वाघ खाली, हे वर. बकरी दोरीला, वाघामागं पन्नास माणसं ढोल बडवतायत. असलं समोरासमोर मी पहिल्यांदाच ऐकलं. महेश मान हलवत होता. नोकरीत माणसाला मान हलवायची सवय लागते.

जेवण झाल्यावर शेरू दिसेना. मग कुंपणाच्या कोपऱ्यातून असा ओरडला की आम्ही धावतच सुटलो. पोटाभोवती बाइकची क्लच वायर. डुकरासाठी लावलेला फास, दुसरं टोक खुंटीला. काकांनी पट्टा धरून ओढलं, महेशनं मागचे पाय ओढले, आणि तार आणखी रुतली. कुत्र्याचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"ओढू नका!" मी ओरडलो. "खुंटीकडं ढकला! तार सैल पडली तरच गाठ सरकते."

पोतं त्याच्या तोंडावर टाकलं, गुडघ्यानं दाबलं, खुंटीकडं सरकवलं आणि बोटानं गाठ मागं नेली. बोट फाटलं माझं. शेरू सुटला आणि काकांच्या बुटांवर जाऊन आडवा पडला. धापा टाकत होता, पण जिवंत.

"तुला बरं माहीत रे हे?" काका म्हणाले.

"माझा बाप लावतो," मी म्हणालो. लपवण्यात अर्थ नव्हता. लहानपणी खुंट्या मीच ठोकायचो. डुक्कर रोज ज्या वाटेनं पाण्याला जातं, तीच वाट बाप मला दाखवायचा.

तेवढ्यात राखणदार हल्के आला. बायको आणि दोन पोरी घेऊन शेतातल्याच झोपडीत राहतो. तार बघून त्याचा चेहरा उतरला.

"तूने लगाया? कायर कहीं का!" काकांनी खिशातून मोबाइल काढला. "जंगलवाल्यांना बोलावतो. आजच्या आज झोपडी खाली कर!"

हल्केची बायको दारात उभी होती. तिनं धाकटीला आत ओढलं.

"साहब, चना सूअर खा रये थे," हल्के हात जोडून म्हणाला. "आपई ने तो कही थी, कुछ करो, कैसे भी करो."

काका नंबर शोधतच होते. मी म्हणालो, "लावा काका फोन. आमच्या गावी जंगल खात्याच्या गार्डनं बापाला बजावलं होतं, फास लावणं म्हणजेच शिकार, कायद्यात वेगळी नाही. इथला गार्ड आला की विचारेल, जमीन कुणाची, आणि कैसे भी करो कोण म्हणालं."

"माझ्या आजोबांची आणि याची बरोबरी करतोस?"

"करतो. दोघंही जनावराच्या रोजच्या वाटेवर दबा धरतात. आजोबांनी बकरी बांधली, यानं तार. फरक एवढाच, की याचा कुणी फोटो काढला नाही. माझ्या बापाचाही नाही, आणि तोही काही थोर माणूस नव्हे."

महेश माझ्या पायावर पाय देत होता. काकांनी मोबाइल खिशात टाकला, शेरूला उचललं आणि जीपमध्ये बसले.

जीप गेल्यावर मी आणि हल्केनं अख्खं कुंपण फिरून पाहिलं. आणखी चार फास निघाले. त्यानंच काढले, गुंडाळून माझ्या हातात दिले. म्हणाला, "भैया, अब सूअर आएंगे तो?" भाषण देताना सुचतं, हरभऱ्याचं काय करायचं ते सुचत नाही.

सोमवारी पॅकिंगच्या पट्ट्यावर महेश शेजारी येऊन उभा राहिला. "काका म्हणाले, त्याला पुन्हा आणू नकोस."

"आणि हल्के?"

"आहे तिथंच. काकांना शेतावर रात्री जागायला दुसरा कोण मिळणार?"

दया नाही, गरज. चालेल. जंगल नीट बघायला मिळालं नाही, बोटाला चार टाके पडले, एका दाराची कडी माझ्यासाठी कायमची लागली. पण झोपडीत चौघं आहेत. संध्याकाळी बापाला फोन लावला आणि म्हणालो, "आबा, बांधावरचे फास काढा आता." तो म्हणाला, "भोपाळला जाऊन शहाणा झालास," आणि फोन ठेवला. उद्या मी पुन्हा फोन लावणार आहे.