जिवंत नवऱ्याची विधवा

आमच्या मराठी मंडळाचा मी चिटणीस झालो तो कर्तबगारीमुळे नव्हे, सभेला उशिरा पोचल्यामुळे. बाकीची पदं वाटून झाली होती, चहाही संपला होता. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात मी इंजिनिअर होतो. तिथं माझ्या सहीला कुणी विचारत नसे; मंडळात मात्र माझ्या सहीवाचून बटाटेवड्यांचं बिलसुद्धा चुकतं होत नसे. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमचे अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी. त्यांची आई ऐन तारुण्यात विधवा झाली आणि लोकांकडे पोळ्या लाटून तिनं यांना शिकवलं. तिच्या स्मरणार्थ त्यांनी मंडळाकडे मोठी रक्कम ठेवली. म्हणाले, "याच्या व्याजातून एका गरीब विधवेला दर महिन्याला रोख पैसे द्या. धान्य नको, साड्या नकोत. माझ्या आईला लोक जुनी लुगडी द्यायचे. तिला हवी असायची माझी फी." मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. विधवा शोधायचं काम अर्थातच चिटणिसाकडे आलं.

आणि मला विधवा मिळेना. एक सापडली तिचा मुलगा दुबईला. दुसरीनं विचारलं, "पैसे स्टेजवर घ्यावे लागतील का?" आणि माझं 'हो' ऐकताच दार लावून घेतलं. शेवटी बायको म्हणाली, "दारावर रोज भाजी घेऊन येते ती अक्का दिसत नाही का तुम्हाला?"

मारतहळ्ळीच्या पुढे तेव्हा शेतंच शेतं होती. तिथल्या एका खेड्यातून ही बाई पालेभाज्या आणि अवरेच्या, म्हणजे पावट्यासारख्या, शेंगा घेऊन आमच्या कॉलनीत यायची. तिचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचे राहिले. तिचं कन्नड मिसळलेलं मराठी ऐकून आमच्या बायका हसायच्या आणि ती गेल्यावर तिची नक्कल करायच्या. तिला दोन मुली. थोरली सातवीत, हुशार. पण उन्हाळ्यानंतर तिची शाळा सोडवून तिला उदबत्त्या वळायला बसवायचं ठरलं होतं. नवरा यशवंतपूरच्या बाजारात लॉरीवर. त्यानं तिकडेच दुसरी बाई ठेवली होती आणि कित्येक वर्षांत घरी फिरकला नव्हता.

"पण ती विधवा कुठाय?" मी बायकोला म्हणालो.

"मग काय आहे?"

उत्तर नसलं की मला युक्ती सुचते. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक भानगडी अशाच सुरू झाल्या आहेत. दुसऱ्या दिवशी मी अक्काला पायरीवर बसवून सगळं समजावलं. दर महिन्याला पैसे मिळतील. फक्त समारंभाला येताना कपाळ मोकळं ठेवायचं. बांगड्या आणि काळी पोत घरी ठेवायची.

"तो जिवंत आहे की, अण्णा."

"तुमच्यासाठी आहे का?" मी वकिली प्रश्न टाकला आणि स्वतःवरच खूश झालो.

ती शेंगांतला पाला निवडत राहिली. मग म्हणाली, "पोरीची शाळा राहील?"

"राहील."

"सरी," ती म्हणाली. कन्नडमध्ये याचा अर्थ 'ठीक'.

समारंभ झकास झाला. अध्यक्षांनी तिला वाकून नमस्कार केला. पाहुण्या बाईंची ओटी भरायचं ताट चुकून तिच्यासमोर आलं, तर आमच्या एका काकूंनी ते झटकन मागे ओढलं आणि मग डोळ्यांना पदर लावला. थोरली मुलगी आईला चिकटून उभी होती. कुंकवाच्या जागी कपाळावर फिकट गोल उमटला होता, आणि ती पोर सारखी मान वर करून त्याच्याकडे बघत होती. मी फोटोग्राफर आणला होता. तेवढ्यानं माझं समाधान होईना म्हणून एका कन्नड पेपरकडे बातमीही धाडली. छापून आली. माझाही अर्धा खांदा आला.

पैशानं काय होतं हे मी पुढच्या काही महिन्यांत पाहिलं. पूर्वी ती पहाटे बाजारातल्या सावकाराकडून भाजीपुरते पैसे उचलायची आणि संध्याकाळी व्याजासकट परत करायची. दिवसभराच्या पायपिटीतलं बरंचसं त्याच्याच घरी जायचं. आता ती रोखीनं माल घेऊ लागली. पोरींना पायांत चपला आल्या, थोरली आठवीत गेली. आणि एक दिवस बायको तणतणत आत आली. "तुमच्या विधवेनं भाव वाढवलेत. घासाघीस केली तर म्हणते, परवडत नसेल तर राहू द्या अम्मा. टोपली उचलून निघाली." महिनोन्महिने आम्ही तिच्याकडून पडत्या भावात भाजी घेत होतो ती केवळ तिच्या गरजेमुळे, हे तेव्हा घरात कुणी बोललं नाही. पुढच्या आठवड्यापासून बायको तिनं सांगितलेल्या भावानं घेऊ लागली.

मंडळात मात्र कुजबुज सुरू झाली, की मदतीच्या पैशांतून बाईनं ट्रान्झिस्टर घेतला. चौकशीला गेलो मी. न कळवता, स्कूटरवरून. तिच्या घरात शिरून मी तांदळाच्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं. आज ते आठवलं की हात कुठे ठेवू समजत नाही.

"रेडिओ कशाला, अक्का?"

"रात्री वाटेनं पिऊन लोक जातात. आत बाप्याचा आवाज असला की कडीला हात लावत नाहीत." मग हळूच हसून म्हणाली, "बातम्या देणारा बरा. गाणाऱ्याला भीत नाहीत."

मी मंडळाला कळवलं की रेडिओ शैक्षणिक आहे.

त्यानंतर एका महिन्यात मी पाकीट घेऊन गेलो, तर ओट्यावर एक माणूस चहा पीत बसला होता. मला बघून उठला, अगदी अदबीनं हात जोडले.

"या अण्णा, बसा. मीच तो मेलेला."

मी बसलो.

"बाजारात हमालांनी रद्दीतला पेपर दाखवला," तो सांगू लागला. "म्हणाले, अरे, तू मेलास आणि आम्हाला साधं जेवणसुद्धा नाही? म्हटलं, जाऊन बघावं आपल्यामागं घरचं कसं चाललंय. बरं चाललंय की." अक्का दाराच्या आत उभी होती. कपाळावर कुंकू होतं, ओठ सुजला होता. त्यानं मजेत हात पुढे केला. आणि मी पाकीट त्याच्या हातावर ठेवलं.

का ठेवलं? कुणी धमकावलं नव्हतं. पण घरातला पुरुष समोर बसलेला असताना त्याला ओलांडून बाईच्या हातात पैसे देणं मला कसंसंच वाटलं. सात पिढ्यांचे संस्कार असे नेमक्या वेळी मदतीला येतात. त्यानं पाकीट खिशात घातलं आणि आत हाक दिली, "अगं, अण्णांना स्वल्प कॉफी ठेव."

नवरा परतल्याची वार्ता अध्यक्षांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पैसे थांबले. पुढच्या सभेला अक्का थोरलीला घेऊन हॉलवर आली. थेट अध्यक्षांसमोर उभी राहिली.

"पैसे थांबवू नका साहेब. पैसे येतात म्हणून तो पोरीला घरात ठेवतोय. थांबले की लग्न लावून देऊन टाकेल. होसूरकडचा लॉरीवाला आहे, त्याच्याकडून याची उचल आहे. माणूस वयानं माझ्याहून मोठा आहे."

पोर आठवीतली. जमिनीकडे बघत होती.

अध्यक्ष पांढरेफटक पडले होते. "बाई, माझ्या आईच्या नावावर तुम्ही खोटं बोललात. कुंकू पुसून आलात. कुणी सांगितलं होतं तुम्हाला असं करायला?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कपातल्या चहावरची साय बशीत काढत होतो. फार नाजूक काम असतं ते. मान वर करता येत नाही.

"कुणी नाही," ती म्हणाली. "माझं मीच."

"मग आमचा इलाज नाही."

मायलेकींना पोचवायला मीच फाटकापर्यंत गेलो, चिटणीस ना. पोलिसांत जा, शाळेत सांगा, असं काहीबाही सुचवलं. ती म्हणाली, "मी सांगितलं तर रात्री तोच घरात असतो. तुम्ही सांगा." मी म्हटलं, बघतो. पोरीनं मला विचारलं, "अण्णा, वार्षिक परीक्षा झाल्यावर मला दिलं तर चालेल म्हणून तरी सांगाल का वडलांना?" मी म्हटलं, सांगतो.

मी गेलो नाही. आधी कारखान्यात ऑडिट होतं, मग स्कूटर बिघडली, मग मुलाच्या कानात दुखू लागलं. कारणं सगळी खरी होती. भाजी आम्ही दुसरीकडून घेऊ लागलो. मंडळाला नवी विधवा मिळाली. या खेपेला मी मृत्यूचा दाखला, तोही सही-शिक्क्याचा, दोनदा वाचून घेतला.

वर्षभरानं यशवंतपूरच्या बाजारात एका पोत्यामागे अक्का बसलेली दिसली. मी वळणार होतो, तिनंच हाक मारली. थोरलीचं लग्न शाळा सुटायच्या आधीच लागलं होतं. आता तिला सहावा महिना होता, आणि पायांवर सूज होती. नवऱ्यानं लॉरीवाल्याची उचल फेडली, वरचे पैसे घेतले, रेडिओ उचलला आणि त्या दुसऱ्या बाईकडे परत गेला.

"धाकटी आता सहावीत आहे, अण्णा," ती म्हणाली. "डोकं थोरलीसारखंच. तुमच्यात तेवढं विचारून बघाल?"

"नवरा..." मी म्हणालो, आणि थांबलो.

"आहे की," ती म्हणाली. "तिथं, चौथ्या गाळ्यापाशी माल उतरवतोय. बोलावू?"

मी नको म्हणालो. अर्धा किलो शेंगा मागितल्या. तिनं तोलून पिशवीत ओतल्या, सांगितला तेवढा भाव मी दिला, आणि बस सुटेल म्हणत घाईनं निघालो.