खंडेनवमीला झोपलेला लॅपटॉप

माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, बिजागरी तुटलेली. चार्जर काढला की खेळ खलास. ते धूड घेऊन कॉम्प्युटरच्या कामांसाठी रोज लोणावळ्याला जाणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून ठरवलं, तो गावी, कान्ह्याला, घरीच झोपवून ठेवायचा आणि तिकडून मोबाइलवर बटण दाबून उठवायचा, तिथूनच चालवायचा. वायफायवर मेला उठेचना. मग राउटरपासून केबल ओढली, सगळी सेटिंग पालथी घातली, तेव्हा कुठं एकदाचा उठायला लागला.

आबा, म्हणजे माझे वडील, उंबऱ्यावर बसून बघत होते. "झोपलेल्याला तितनं उठवनार व्हय? लय मोठं काम हाय बाबा!" त्यांच्या लेखी भात लावणं हे काम, माझं सगळं खेळणं. इतकी वर्षं हेच ऐकतोय. आमच्यात बोलणं कमी, टोमणेच जास्त.

"चार्जरला कुणी हात लावायचा नाही," असं बजावून मी त्या दिवशी निघालो.

लोणावळ्यातल्या एका हॉटेलसाठी बुकिंगचा प्रोग्राम केला होता. तो लॅपटॉपवरच होता. मालकाला तो चालवून दाखवायचा. पसंत पडला तर हॉटेलचं कॉम्प्युटरचं सगळं काम कायमचं माझं. काउंटरपाशी उभा राहून बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. राउटर चालू दिसत होता, लॅपटॉपचा पत्ता नाही. केबल निघाली? सेटिंग बदललं? परत परत दाबत राहिलो. मागं सुट्टीच्या गिऱ्हाइकांची ही गर्दी. मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "अहो, तुम्हाला तुमचं मशीन उठवता येईना, माझं हॉटेल काय सांभाळणार? या आता."

काम गेलं. कान्हे येईपर्यंत मी दात-ओठ खात होतो. हे आबांचंच काम, मुद्दाम केलंय म्हाताऱ्यानं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

ओरडतच घरात शिरलो. देवापुढं पाट मांडलेला. त्यावर धुतलेला कोयता, कुदळ, विळा, आणि शेवटी माझा लॅपटॉप. झाकणावर हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. खंडेनवमी! मला भानच नव्हतं.

"कुणी काढला हा?"

"म्या. आज हत्यार चालवायचं नस्तं."

"हत्यार? आजवर खेळणं म्हणत होता ना? आजच बरं हत्यार झालं! काम गेलं माझं, आबा!"

त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच ठाम. "खेळनं आस्तं तर ऱ्हाऊ दिलं आस्तं की चालू."

असा संताप आला की काय सांगू. ज्या एका शब्दासाठी जन्मभर भांडलो, तो असा मिळावा? तणतणत लॅपटॉप उचलायला वाकलो. आबांनी माझं मनगट धरलं.

"आज न्हाई. उद्या."

मी हात झटकला. पण लॅपटॉप रात्रभर पाटावरच राहिला.