छत्रीखालची बाई

आईचा मणका झिजलाय. महिनाभर वाकायचं नाही, नुसतं बसून राहायचं, नाहीतर कायमची अंथरुणाला खिळेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं. म्हणून तिला बोरीहून परभणीला माझ्याकडे आणलं. पण ती कसली ऐकते. शाळेतून दमून यावं तर ही ओणवी होऊन फरशी पुसायलेली. मी ओरडायचं, तिनं "बरं" म्हणायचं, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझा जीव मेटाकुटीला आला होता.

रविवारी दुपारी मी चित्रं काढते. तेवढाच विसावा. त्या दिवशी समुद्रकिनारा चालला होता, मोबाइलवरच्या एका फोटोवरून. आमच्याकडच्या उन्हाळ्यात जलरंग म्हणजे डोक्याला ताप. आभाळाचा निळा दुसऱ्या काठाला न्यावा, तोवर पहिला वाळून डाग पडतो. वाळू मात्र जमली. जरासा पिवळा, बाकी कागद कोराच ठेवला, तेच ऊन. मधे लाल छत्री अन् तिच्या सावलीत पाय पसरून बसलेली बाई.

आई जवळ आली. "ही काय करायलीय?"

"काही नाही. बसलीय."

"नुसती?"

"हो, नुसती. तुला सांगितलंय तशी," मी फटकारलंच.

तिनं चित्र निरखलं. बाकीची माणसं लांब पाण्यात, ही एकटीच अलीकडे. मग समजल्यासारखी मान हलवून हळूच म्हणाली, "बाहेरची हाय व्हय."

मला हसू आलं अन् लगेच रागही. पाळीच्या दिवसांत आमच्याकडे बायांना असंच बाजूला बसवायचे. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. शाळेत मुलींना या विटाळाविरुद्ध सांगून सांगून माझा घसा बसलाय. तेच आईलाही ऐकवलं. कसला अपमान तो, अन् तू मुकाट सोसलास.

"तुझं खरं हाय," आई म्हणाली. "पण तेवढंच बसायला भेटायचं, बाई. ताट हातात यायचं. पाळी बंद झाली तवा लय रडले मी. म्हणलं, आता मरेस्तोवर उठणंच हाय."

मी ब्रश खाली ठेवला. म्हटलं, "आई, महिनाभर तू बाहेरची. कशाला शिवायचं नाही."

ती गालात हसली अन् खरंच खाटेवर टेकली. सिंकमधली भांडी मग मीच घासली. माझीही कंबर भरून आली होती.